पहिला विश्वचषक कोणाचा?

मित्रमैत्रिणींनो, आज घरी बाबांना नाहीतर शेजारच्या दादाला एक प्रश्न विचारा. क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणत्या साली झाला? उत्तर लगेच येईल, '१९७५!' मग तुम्ही शांतपणे सांगायचं, 'चूक. १९७३.'

१९७५चा विश्वचषक पुरुषांचा होता, बरं का. महिलांनी त्याच्या दोन वर्षं आधीच आपला विश्वचषक खेळून घेतला होता, तोही इंग्लंडमध्येच. इंग्लंडची कर्णधार होती रेचल हेहो-फ्लिंट. जॅक हेवर्ड नावाचे उद्योगपती तिच्याच गावचे, वुल्व्हरहॅम्प्टनचे. दोघांच्या गप्पांतून ही कल्पना निघाली आणि हेवर्डनी खर्चासाठी चाळीस हजार पौंड दिले.

पैसे आले, पण संघ कुठून आणायचे? इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इथपर्यंत ठीक. पुरुषांत वेस्ट इंडिज म्हणून एकत्र खेळणारी बेटं इथे वेगवेगळी आली. जमैका एक संघ, त्रिनिदाद-टोबॅगो दुसरा. मग 'यंग इंग्लंड', म्हणजे यजमानांचाच धाकटा संघ. आणि सातवा 'इंटरनॅशनल इलेव्हन', निरनिराळ्या देशांच्या खेळाडू गोळा करून केलेला! आपणही गडी कमी पडले की पलीकडच्या गल्लीतली पोरं बोलावतोच ना? काही जण या जमवाजमवीला हसतात. मला नाही हसू येत. पुरेसे संघ होईपर्यंत थांबायचं ठरलं असतं, तर या बायकांची खेळायची वर्षं वाट पाहण्यातच गेली असती.

पहिल्याच दिवशी पावसाने घात केला. न्यूझीलंड-जमैका सामन्यात एकही चेंडू पडला नाही.

स्पर्धा साखळी पद्धतीची होती, वेगळा अंतिम सामना नव्हताच. पण गंमत पाहा. शेवटच्या सामन्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच समोरासमोर आले. ऑस्ट्रेलियाचे गुण १७, इंग्लंडचे १६. जिंकेल त्याचा चषक! २८ जुलैला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर इंग्लंडने ६० षटकांत ३ बाद २७९ धावा केल्या. सलामीच्या एनिड बेकवेलने ११८ धावा ठोकल्या, कर्णधाराने ६४. ऑस्ट्रेलियाची मजल ९ बाद १८७पर्यंतच गेली. राजकन्या ॲनच्या हस्ते चषक दिला गेला. हा सामना क्रिकेटच्या पंढरीत, लॉर्ड्सवर का नाही झाला? कारण तिथे महिलांना पहिल्यांदा खेळायला मिळालं ते १९७६ साली. जगज्जेत्या झाल्या तरी आणखी तीन वर्षं दाराबाहेरच!

आणि आपला भारत? या सात संघांत आपण नव्हतो. पण त्याच वर्षी, एप्रिल १९७३मध्ये, पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पाचच वर्षांनी, १९७८ साली, दुसरा विश्वचषक भरला तो थेट भारतात. डायना एडुलजी कर्णधार होती. चारच संघ आले होते आणि आपण तिन्ही सामने हरलो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि चषक उचलला. त्या संघाची उपकर्णधार कोण होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातल्या कोणत्या गावची? उत्तर माहीत असेल तर आईबाबांना लगेच सांगू नका. आधी त्यांना ओळखू द्या!