मुक्या सोबत्याचा उन्हाळी खाऊ



गोष्ट गेल्या वैशाखातली. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि पातेल्याच्या तळाशी दीड-दोन लिटर खीर उरली. अन्न वाया जाऊ नये म्हणून आम्ही ती विहारामागे काळूसमोर ओतली. काळू हा कुणा एका घरचा कुत्रा नव्हे, तो सगळ्या गल्लीचा. रात्रपाळी करून येणाऱ्या बायकांना नाक्यापासून दारापर्यंत सोडायला जातो, म्हणून त्याला मान आहे. त्या रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सकाळी तो उठेना. शेवटी पोरांनी हातगाडीवर घालून त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. आम्हीही बरोबर गेलो.

डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्लेय याने?" खीर म्हणताच त्यांचा दुसरा प्रश्न, "बेदाणे होते का तिच्यात?" होते. यंदा वर्गणी चांगली जमली म्हणून मुठी-मुठीने घातले होते. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे आम्हांस चाळिशी उलटल्यावर त्या दिवशी कळले. काळू तीन दिवस सलाईनवर राहिला आणि वाचला. पण ज्या दिवशी 'पाणातिपाता वेरमणी' म्हणून आपण हात जोडतो त्याच दिवशी आमच्या हातून हे घडले, याची टोचणी राहिली.

मग उन्हाळ्यात याला द्यावे तरी काय, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले ते सोपे होते. बिनमिठाचे शिजवलेले मांस, थोडी भाजी, दोन्ही बारीक करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचे आणि दुपारी एक-दोन वड्या द्यायच्या. वर्षभर आम्ही हे करून पाहिले. त्यावर या सदरात लिहावे असे मनात आले, तर विरोध घरापासूनच सुरू झाला. शेजारच्या मावशी तर स्पष्टच म्हणाल्या, "आपल्या लेकरांच्या ताटात मटण महिन्यातून एकदा, आणि तुम्ही कुत्र्याला खिमा घालायला सांगताय? बंगल्यातल्या बायांचा पेपर झाला का आपला पेपर?"

मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्र्यामांजरांचे लाड म्हटले की आपल्या लोकांच्या मनात एक जुनी कळ उठते, आणि ती उठणे योग्यच आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे खुशाल पाणी पीत होती आणि माणसाच्या पोटी जन्मलेल्या आपल्या बापजाद्यांना ओंजळभर पाणी बाटवत होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी हाती घेतले तेव्हा कुठे हिशोब बदलायला सुरुवात झाली. कुत्र्याहूनही खाली ज्यांना ठेवले त्यांना कुत्र्यावर दया करा म्हणून सांगायला जरा धीर लागतो.

पण त्या तळ्यावर आपल्याला अडवायला कुत्रे उभे नव्हते. माणसे उभी होती, हातात काठ्या घेऊन. कुत्रे आपल्याच वाड्यातले, वेसकराच्या पायाशी रात्रभर जागणारे, आणि त्यालाही शिळा तुकडाच मिळत होता.

आम्ही मावशींना एक फोटो दाखवला. बहुतेक वाचकांनी तो पाहिला असेल, कित्येकांच्या घरात भिंतीवरही असेल. फेब्रुवारी १९३४ मधला, राजगृहातला. बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्या कुटुंबाच्या फोटोत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टोबीही आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रमाई गेल्या. रमाईंसोबतचे बाबासाहेबांचे फोटो किती थोडे आहेत हे आपण जाणतो, आणि त्या थोड्यांतल्या एकात टोबीला जागा मिळाली आहे. मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाल्या, "हे कधी लक्षातच आलं नाही. आम्ही रमाईकडंच बघत राहिलो."

शाळेच्या पुस्तकात धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याची गोष्ट असते. कुक्कुर जातक मात्र कुणी सांगत नाही. पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवा, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. गोष्टीचा गाभा पाहा. राजाच्या रथाचे चामड्याचे पट्टे रात्री कुत्र्यांनी कुरतडले. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा, फक्त राजवाड्यातली सोडा. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी, म्हणजे बोधिसत्त्व, राजापुढे जाऊन उभा राहिला. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजा, असे त्याने सांगितले. पाजल्याबरोबर त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. गुन्हा वाड्यातल्यांचा आणि मरण गावाबाहेरच्यांना! ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

आता खाऊकडे येऊ.

मांस साठवण्याचे शास्त्र आपल्या घरांना नवे नाही. आपल्या आज्या-पणज्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवीत. त्या चान्या. मडक्यात भरून ठेवलेल्या त्या चान्यांवर उपाशी दिवस निघत. त्यात मेलेल्या ढोराचे मांसही असे, कारण दुसरे मिळतच नव्हते. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि समाजाने पोटाला चिमटा घेऊन सोडले. वाळवायचे काम जे ऊन करी ते आता फ्रीज थंडीने करतो, एवढाच फरक.

मांस कोणते घ्यावे? मटण नको. तेवढी आपली ऐपत नाही, आणि असली तरी आधी लेकरांच्या ताटात. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आल्यापासून गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस तसेही हिरावले गेले आहे. कोंबडीवाल्याकडे पेटा, मान, साफसफाईत निघालेली छाट स्वस्तात मिळते. ओळखीचा असेल तर तशीच देतो. कलेजी घ्यावी पण थोडी, चमच्या-दोन चमच्यांपुरती. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व इतके असते की रोज पोटभर घातल्यास कुत्र्याला अपाय होतो. मानेचे मांस शिजल्यावर सोडवून घ्यावे आणि हाडे मोजून बाजूला टाकावीत. शिजलेले हाड फुटून सुईसारखे होते, ते घशात नाहीतर आतड्यात रुतते. रविवारच्या रश्श्यातली हाडे कुत्र्याला टाकायची आपली सवय आहे, ती यासाठी सोडावी.

भाज्यांत गाजर, लाल भोपळा आणि घेवडा उत्तम. बाजार उठताना भोपळ्याची फोड स्वस्त मिळते. आमचे प्रमाण असे: हाडे काढलेले मांस पाव किलो, भाजी पाव किलो आणि मांस शिजवलेले पाणी एक पेला. मांस कुकरमध्ये नुसत्या पाण्यात शिजवावे. नुसत्या पाण्यात हे शब्द दोनदा वाचावेत. आपण आजाऱ्याला अळणी करतो त्यातही कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ असते. त्या अळणीवरच काम भागेल असे आम्हांस वाटले होते, डॉक्टरांनी ते खोडून काढले. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात. म्हणून कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधीच वेगळा काढायचा, नंतर धुऊन देऊ म्हणायचे नाही.

पाणी थंड झाले की वर आलेली चरबी चमच्याने काढून टाकावी. भाजी वेगळी उकडावी. मांस, भाजी आणि पाणी मिक्सरमधून काढावे, नाहीतर पाटा आहेच. लापशीसारखे सरसरीत झाले की बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवावे. साधारण पंचवीस-तीस वड्या होतात. गोठल्यावर त्या काढून झाकणाच्या डब्यात भराव्यात, म्हणजे ट्रे मोकळा होतो आणि फ्रीजला वासही लागत नाही. एका दरवाजाच्या फ्रीजमधला वरचा कप्पा फारसा थंड नसतो, त्यामुळे आठवडाभरात संपेल एवढेच करावे. वीज बराच वेळ गेली आणि वड्या वितळल्या तर पुन्हा गोठवू नयेत.

मांस कच्चेच गोठवले तर जंतू मरतात असे पुष्कळांना वाटते. मरत नाहीत, झोपतात. बर्फ वितळला की पुन्हा उठतात, आणि तोच हात पोर तोंडात घालते. म्हणून शिजवणे आलेच.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी हेच मिश्रण दोन वड्यांपुरते करून, भांडे पाण्याच्या परातीत ठेवून गार करावे आणि लगेच घालावे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तसेच करतात. काळूने तक्रार केलेली नाही.

किती द्यावे याचा हिशोब आम्ही कारकुनी पद्धतीने ठेवला आहे. खाऊ हा खाऊ, जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहाव्या भागापलीकडे तो जाऊ नये. काळूएवढ्या मध्यम अंगाच्या कुत्र्याला दोन वड्या पुष्कळ झाल्या, लहान अंगाच्याला एक, तीही फोडून. डब्यातून काढल्यावर पाच-सात मिनिटे बाहेर ठेवावी. दगडासारखी वडी अधाशी कुत्रे गिळते आणि ती घशात अडकते, नाहीतर दात दुखावतो. दूधपित्या पिल्लांना देऊ नये. दूध, साखर, चॉकलेट यांतले काहीही त्यात घालू नये. चॉकलेट तर त्यांना विषच.

आणि हा खाऊ औषध नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो तोंडाने धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर सोडतो. एरवीही त्याचे अंग आपल्याहून गरम, ३८ ते ३९ अंश. भर दुपारी एखादे कुत्रे लटपटू लागले, लाळ गाळू लागले, हिरड्या लालभडक दिसल्या, तर त्याला वड्या भरवत बसू नये. सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा. सावलीत पाण्याने भरलेले मातीचे परळ ठेवणे हे तर खाऊच्याही आधीचे काम. ते पाणी रोज बदलावे, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळल्यासारखे होईल. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची चिकित्सा एकाच ओळीत लिहिली आहे. आपले परळ त्याच रांगेतले.

आता शेजाऱ्यांचे. कुत्रा चावण्याची भीती आपल्याच वस्तीत जास्त, कारण आपली मुले गल्लीतच खेळतात आणि उन्हाळ्यात कित्येक माणसे बाहेरच झोपतात. मुले खेळतात तिथे, जिन्यात किंवा कुणाच्या दारात खाऊ घालू नये. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतही हेच म्हटले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्याचा आदेश दिला. आमच्या मंडळाने विहारामागचा कोपरा ठरवला, दुपारी चारची वेळ ठरवली आणि दोन बायका व एक कॉलेजचा मुलगा अशी पाळी लावली. याचा एक फायदा आधी ध्यानात आला नव्हता. रोज एका जागी, एका वेळेला येणारे कुत्रे पकडून रेबीजची लस टोचणे आणि नसबंदीला पाठवणे सोपे जाते. काळूसह सहा कुत्र्यांना लस झाली आहे. दोन अजून हाती लागत नाहीत, आणि त्यांतली एक मादी आहे, ही आमची काळजी. कुणाला दात लागलाच तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. रेबीज एकदा उमटला की माणूस हाती लागत नाही.

मावशींचे काय झाले असे वाचक विचारतील. त्या अजूनही म्हणतात की हे थोरामोठ्यांचे चाळे आहेत. मात्र बाजारातून येताना भोपळ्याची फोड आमच्या दारात ठेवून जातात आणि "काल किती वड्या झाल्या?" म्हणून हिशोब विचारतात. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला खिरीत बेदाणे घालण्याआधी एक तांब्याभर खीर वेगळी काढा, असेही त्यांनीच सुचवले. खिरीत साखर असते, तीही नको, हे त्यांना समजावताना आमची पुरेवाट झाली.

शेवटी एक घरगुती सूचना. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'काळूचा खाऊ' अशी चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे ती नव्हती. मे महिन्यात पाहुणे आले, धाकट्याने घाईघाईत कोकम सरबतात चार वड्या टाकल्या आणि पाहुण्यांनी पहिला घोट घेतल्यावर विचारले, "वहिनी, कोकमात भोपळा घालता का तुमच्याकडे?"