घर कोणाचे, काटकसर कोणाची?

काटकसरीचे परिपत्रक आले की त्यात ‘इकॉनॉमी’ हा शब्द ठरलेला. ४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय अर्थखात्याने असेच एक परिपत्रक काढले आणि नवी पदे निर्माण करण्यावर बंदी घातली. साथींनो, या शब्दाची झडती घेऊ या.

शब्द मूळचा ग्रीक. ‘ओइकोस’ म्हणजे घर, ‘नोमोस’ म्हणजे नियम. इकॉनॉमी म्हणजे घर चालवण्याची रीत. पुढे त्याला ‘पोलिस’, म्हणजे नगरराज्य, हा शब्द जोडला गेला आणि ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ झाली, राज्याचा संसार. (आपला दंडुकेवाला पोलीसही याच घराण्यातला!)

रायपूरच्या साथींना हे परके नाही. ज्यांच्या नावाची शाळा तिथे आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ साली हिंदी वैज्ञानिक कोश काढला, त्यातला अर्थशास्त्राचा भाग सप्र्यांचा. आणि याच सप्र्यांनी ‘हड़ताल’ नावाचा लेखही लिहिला! अर्थशास्त्राचे शब्द तोलणाऱ्या माणसाला संप हा त्याच शास्त्राचा विषय वाटला. आजच्या अर्थपंडितांना तो फक्त गुन्हा वाटतो.

ॲरिस्टॉटलने दोन विद्या वेगळ्या सांगितल्या. घर चालवण्याची एक, तिला गरजेची मर्यादा असते. पैशाने पैसा वाढवण्याची दुसरी, तिला मर्यादा नाही. तिचे नावच वेगळे, ‘ख्रेमातिस्तिके’. रेल्वे आणि टपालाच्या माथी आज मारली जाते तिचे नाव पहिलीचे, कारभार दुसरीचा.

पण ग्रीकांचे घरही आम्ही डोक्यावर घेणार नाही. त्या घरात गुलाम होते, आणि ॲरिस्टॉटल त्यांना जिवंत हत्यार म्हणतो. आज यार्डात डबे धुणारा कंत्राटी कामगार कोण आहे? खेड्यापाड्यात टपाल पोचवूनही नियमित कर्मचाऱ्यांत न मोजला जाणारा ग्रामीण डाक सेवक कोण आहे? १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या आपल्या भावाबहिणींना जुनी पेन्शन नाकारली, ती कोणत्या घरच्या रीतीने? ओढग्रस्तीच्या घरात आई सगळ्यांना वाढून शेवटी स्वतः जेवते. इथे वरच्यांची पंगत आधी उठते आणि काटकसर सुरू होते ती गँगमनच्या ताटापासून.

रिकाम्या जागा भरा. डाक सेवकांना खात्याचे नियमित कर्मचारी करा. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर घ्या. मग घरखर्चाचा हिशेब मांडायला आम्हीही पाटावर येऊन बसतो.