आधी दिवा आणा, मग सरडा

"आई, मला कॅमेलिऑन हवाय!" असं तुम्ही घरी म्हणाला असाल, तर आईचा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत आहे. "सरडा? आणि घरात?" आमच्याकडेही हेच झालं होतं. पण आज मी आईची बाजू घेणार नाही, तुमचीही नाही. मी सरड्याची बाजू घेणार आहे.

माझं म्हणणं असं : सरडा विकत घेण्याआधी त्याचा दिवा आणि त्याची झाडं घ्या. पिंजरा पूर्ण लावा आणि दोन-तीन आठवडे रिकामाच चालवून बघा. पैसे कमी पडत असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवा, पण दिव्यावर वाचवू नका.

अमेरिकेतल्या दुकानांत बहुतेक वेळा जो दिसतो तो व्हेल्ड कॅमेलिऑन. डोक्यावर उंच तुरा असलेला. तो मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला. तिथलं ऊन किती कडक असेल, विचार करा! त्या उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातल्या यूव्हीबी किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा ढिला होतो. शेवटी त्याला फांदीसुद्धा धरता येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचा पहिला सरडा आणला तेव्हा दुकानदाराने एक मोठा खोका दिला. त्यात पिंजरा, जिलबीसारखा वळलेला छोटा बल्ब आणि प्लास्टिकची वेल. "यात सगळं आलं," तो म्हणाला. आम्ही खूश! पाच महिन्यांनी त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो खाण्याबद्दल नव्हता. त्यांनी विचारलं, "दिवा कोणता लावता?" सरडा वाचला, पण पाय वाकडेच राहिले. त्या छोट्या बल्बचे किरण फार थोड्या जागेवर पडत होते आणि आमचा सरडा तिथे बसतच नव्हता.

आपल्याकडे म्हण आहे ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत? पाळलेल्या सरड्याची धाव तर जाळीपर्यंतच. रानात त्याला ऊन हवं असेल तर तो वरच्या फांदीवर जातो, नको असेल तर पानांमागे सरकतो. पिंजऱ्यात ऊनही तुम्हीच द्यायचं आणि सावलीही तुम्हीच.

म्हणून लांब ट्यूब घ्या. दुकानात 'टी5 एचओ' असं लिहिलेली, 5 किंवा 6 टक्के यूव्हीबीची मागा. ती पिंजऱ्याच्या वर, जाळीवर ठेवायची. सरडा बसेल ती सगळ्यात वरची फांदी ट्यूबपासून आठ-नऊ इंच खाली बांधा. शेजारी ऊब देणारा एक साधा बल्ब लागतो. त्याच्याखाली मोठ्या सरड्यासाठी सुमारे 85 अंश फॅरनहाइट पुरे. पिल्लांना त्याहून कमी. टायमर लावा : बारा तास उजेड, बारा तास अंधार. रात्री लाल दिवा लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. झोपायला त्यालाही काळोखच लागतो.

"पण आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं!" हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळं बाहेरच अडतं. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाही : ट्यूब जुनी झाली तरी दिसायला तशीच लख्ख असते, आतले किरण मात्र कमी झालेले असतात. म्हणून ती साधारण वर्षभरात बदलावी लागते, काहींची त्याआधीच. आम्ही ट्यूबवर मार्करने तारीख लिहून ठेवतो. बाबा हसतात, पण आठवण तेच करतात.

आता झाडं. प्लास्टिकची पानं धुवायला सोपी, मरत नाहीत, हे मला मान्य आहे. पण व्हेल्ड कॅमेलिऑन पानं खातो. त्याने प्लास्टिक चावून गिळलं तर ते पोटात अडकू शकतं. शिवाय हे सरडे वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. खऱ्या झाडांमुळे पिंजऱ्यात ओलावा टिकतो आणि लपायला दाट जागा मिळते. सतत सगळ्यांच्या नजरेसमोर राहणारा सरडा घाबरून आजारी पडतो. आपण त्याला बघायलाच आणतो आणि त्याला हवं असतं न दिसणं! हे पटत नसेल तर मासे पाळा.

कोणती झाडं? मनी प्लांट, छत्रीसारख्या पानांचा शेफलेरा आणि आजीची लाडकी जास्वंद. कण्हेर मुळीच नको, ती विषारी असते. नर्सरीतून आणलेलं झाड लगेच आत ठेवू नका. त्यावर कीटकनाशक असू शकतं, काही औषधं तर झाडाच्या आतही भिनलेली असतात. पानं धुवा, माती बदला, काही आठवडे वेगळं ठेवा. आधी सरडा आणलात, तर तेवढे दिवस तो उघड्या पिंजऱ्यात बसणार. आणि हो, झाडांनाही उजेड लागतो. यूव्हीबी ट्यूब त्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी पांढरा एलईडी दिवा वेगळा लावा.

एवढं सगळं घेतलं की दिव्यांचा खर्च सरड्याच्या किमतीएवढा किंवा जास्तही होतो. हे घरी आधीच सांगून टाका, लपवू नका. नंतर कळलं तर जास्त ओरडा बसतो.

सुरुवात मात्र फुकट करता येते. ओळखीच्या एखाद्या मावशीकडे मनी प्लांट नक्की असेल. तिच्याकडून एक फांदी मागा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. मुळं फुटली की कुंडीत लावा. ते झाड दिवाळीपर्यंत जगवलंत, तर आईशी दिव्याचं बोला.