घरातला रोबो कुणाशी बोलतो, ते तपासून घ्या

मीरा-भाईंदरमधल्या ज्या घरांत केर काढणारा, लादी पुसणारा रोबो आला आहे किंवा येत्या सणाच्या सवलतीत येणार आहे, त्या सगळ्या घरांना हे आवाहन आहे. नवरा-बायको सकाळची लोकल पकडून कामावर जातात आणि संध्याकाळी परतेपर्यंत घर झाडून-पुसून तयार असते. ही सोय मोठी आहे, ती सोडू नका. फक्त हे यंत्र इंटरनेटवरून कुणाशी बोलते, किती बोलते आणि कुणाचे ऐकते, याचा शोध घ्या. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. यंत्र तुमच्या पैशाचे आहे, तेव्हा हे जाणून घेण्याचा हक्कही तुमचाच आहे.

आधी रोबो चालतो कसा ते पाहू. सोफ्यावर बसून तुम्ही ॲपमधले बटण दाबता आणि समोरचा रोबो हलतो. दोघांमध्ये अंतर असते सहा फुटांचे. पण बहुतेक रोबोंच्या बाबतीत हा हुकूम आधी तुमच्या राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून पुन्हा त्याच राउटरमार्गे रोबोकडे येतो. तो सर्व्हर अनेकदा परदेशात असतो. ही ये-जा कधीही करता यावी म्हणून रोबो चार्जिंगला लावलेला असतानाही सर्व्हरशी जोडलेला राहतो. याच वाटेने लेझरने मोजलेला घराचा नकाशा जाऊ शकतो. खोली केवढी, पलंग कुठे आणि सफाई किती वाजता होते, हे सगळे त्यातून कळते. म्हणजेच घर रिकामे कधी असते याचा अंदाजही बांधता येतो. कॅमेरा आणि माइक असलेल्या रोबोकडे याहून कितीतरी जास्त माहिती असते.

‘आमच्या घरात लपवण्यासारखे आहेच काय?’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी ऑक्टोबर २०१६ आठवावा. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले होते. ‘कर खात्यातून बोलतोय’ असे सांगत इथून अमेरिकेतल्या सामान्य माणसांना धमकावले जात होते. परक्या माणसाची जराशी माहिती हाती आली की त्याला कसे घाबरवता येते, हे आपल्या शहराने जवळून पाहिले आहे. शिवाय माहितीच नव्हे, घरातले यंत्रही इतरांवर वापरले जाऊ शकते. त्याच महिन्याच्या २१ तारखेला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर मोठा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. त्या हल्ल्यात मिराई नावाच्या प्रोग्रामने ताब्यात घेतलेली यंत्रे वापरली होती. त्यांत घराघरांतले कॅमेरे आणि डीव्हीआर होते. कारखान्यातून आलेले त्यांचे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते.

रोबोबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्यातले बरेचसे चौकस माणसांनी यंत्र उघडून आणि त्याच्या बोलण्याचा कानोसा घेऊन शोधले आहे. यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. डेनिस गीझ आणि डॅनियल वेगेमर या दोघांनी डिसेंबर २०१७ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संमेलनात शाओमीच्या रोबोचे अंतरंग उलगडून दाखवले. आत लिनक्सवर चालणारा एक पूर्ण संगणक होता. त्यात नकाशे आणि नोंदी साठत होत्या, आणि फॅक्टरी रीसेट केल्यावरही त्या पुसल्या जात नव्हत्या. जुना रोबो विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अशा कामातूनच पुढे वॅलेटुडो हा मोफत प्रोग्राम तयार झाला. तो काही ठरावीक मॉडेलना कंपनीच्या सर्व्हरशिवाय, घरातल्या घरात चालवतो.

गीझ आणि ब्रेलिन लुडटके यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन संमेलनात इकोव्हॅक्स या कंपनीच्या रोबोंमधले दोष मांडले. ब्लूटूथच्या साहाय्याने सुमारे १३० मीटर अंतरावरून रोबो ताब्यात घेता येत होता. मीरा रोडच्या शांतीनगरमधल्या एखाद्या इमारतीभोवती १३० मीटरचे वर्तुळ काढा आणि त्यात किती बिऱ्हाडे येतात ते पाहा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या काही घरांत याच कंपनीचे रोबो कुणा अनोळखी माणसाच्या हुकमावर फिरले आणि घरच्यांना शिव्या देऊ लागले. कॅमेरा पाहण्यासाठी लागणारा पिन फक्त ॲप तपासत होते, सर्व्हर आणि रोबो तो तपासतच नव्हते, हेही उघड झाले. ही त्रुटी कुठल्याही जाहिरातीतून किंवा माहितीपत्रकातून कळली नसती. कुणीतरी खोलात जाऊन पाहिले म्हणून ती कळली.

आणखी एक हकिगत पाहा. आयलाइफ ए११ रोबो वापरणाऱ्या एका अभियंत्याने २०२५ मध्ये आपला अनुभव मांडला. रोबो सतत कुठेतरी माहिती पाठवतो हे दिसल्यावर त्याने ती वाट बंद केली. काही दिवसांनी रोबो बंद पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये तो व्यवस्थित चालायचा, घरी आला की पुन्हा बंद. शेवटी त्याने यंत्र उघडले, तेव्हा ते बंद पाडणाऱ्या दूरच्या हुकमाची नोंद आत सापडल्याचे त्याने लिहिले. निएटो या रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचा अनुभव वेगळा, पण धडा तोच: यंत्राचा ताबा कंपनीच्या सर्व्हरकडे राहतो. कंपनी २०२३ मध्ये गुंडाळली गेली. सर्व्हर पाच वर्षे चालवू असे आश्वासन दिले होते, तरी ते २०२५ मध्येच बंद करण्यात आले. ॲप निकामी झाले आणि हातात उरले फक्त रोबोवरचे बटण.

आता आपण काय करायचे ते सांगतो.

पहिले काम राउटरचे. राउटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ते वापरून राउटरचे पान उघडा आणि जोडलेल्या यंत्रांची यादी वाचा. प्रत्येक नाव कुणाचे आहे हे सांगता आले पाहिजे. जोडणी देताना केबलवाल्याने ठेवलेला पासवर्ड अजून तसाच असेल तर वाय-फायचा आणि राउटरचा, असे दोन्ही पासवर्ड आजच बदला.

दुसरे काम पाच मिनिटांचे आहे. राउटर चालू ठेवा आणि त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार तेवढी काढा. मोबाइल डेटा बंद करा, फोन वाय-फायवरच राहू द्या. आता ॲपवरून रोबो चालवून पाहा. चालला, तर हुकूम घरातल्या घरात जातो. नाही चालला, तर तुमचा प्रत्येक हुकूम कंपनीच्या दारावरून येतो असे समजा. मग रोबोवरचे बटण दाबा. तेही चालले नाही, तर यंत्राचा ताबा खऱ्या अर्थाने तुमच्याकडे नाही.

तिसऱ्या कामासाठी घरातल्या किंवा शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना हाक मारा. लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू करून रोबोला त्यावर जोडायचे. बहुतेक रोबोंना २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय लागते, म्हणून हॉटस्पॉट त्यावर ठेवावा. मग रोबोचे सगळे बोलणे लॅपटॉपमधून जाते आणि वायरशार्क या मोफत प्रोग्राममध्ये ते दिसते. मजकूर बहुधा कुलूपबंद असतो, पण बंद पाकिटावरचा पत्ता जसा कुणालाही वाचता येतो, तसे पाकीट कुणाकडे गेले, केव्हा गेले आणि केवढे होते हे इथे कळते. चार प्रश्न लिहून ठेवा. रोबो कोणत्या सर्व्हरशी बोलतो? चार्जिंगला उभा असताना किती माहिती बाहेर जाते? सफाईनंतर किती जाते? एखादे बोलणे कुलपाशिवाय, उघडे जाते का? असे रोबो बऱ्याचदा एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीने बोलतात. त्यात ८८८३ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) सहसा कुलूपबंद बोलण्याचा असतो आणि १८८३ उघड्या बोलण्याचा. हे सगळे एकही स्क्रू न काढता करता येते. वॉरंटीतला रोबो उघडू नका, आणि त्यातल्या लिथियम बॅटरीशी तर मुळीच खेळू नका.

तपासणीत काहीही निघो, तीन सवयी लावून घ्या. रोबोला राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा, म्हणजे बँकेचे व्यवहार करता तो फोन आणि ऑफिसचा लॅपटॉप त्याच्यापासून वेगळे राहतील. रोबोच्या खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि त्याचे अपडेट टाळू नका. रोबो विकताना किंवा कुणाला देताना तो ॲपमधून काढा, रीसेट करा, खात्यातले नकाशे पुसा आणि त्यानंतर घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला.

कायद्याची भीती वाटत असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला, तसेच दुसऱ्या प्रोग्रामशी त्याचा मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला काही अटींवर मुभा आहे. पण ही मुभा स्वतःच्या यंत्रापुरती समजा. शेजाऱ्याच्या रोबोत, सोसायटीच्या कॅमेऱ्यात किंवा कंपनीच्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांना हे आधी सांगा, लॅपटॉप नंतर हाती द्या.

रोबो आपोआप फिरू लागला, कॅमेरा न सांगता सुरू झाला असे काही दिसले, तर त्याचे वाय-फाय तोडा, ॲपच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा सायबर विभागही आपल्यासाठीच आहे. यंत्रातच दोष सापडला तर तो व्हॉट्सॲपवर पसरवू नका. आधी कंपनीला आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, म्हणजे त्याचा गैरवापर होण्याआधी दुरुस्ती होईल.

शेवटची विनंती सोसायट्यांच्या कमिट्यांना. एखाद्या रविवारी सोसायटीच्या कार्यालयात दोन तास काढा. ज्यांच्याकडे रोबो, दाराची स्मार्ट बेल किंवा कॅमेरा आहे त्यांना बोलवा, आणि शिकणाऱ्या मुलांकडून वरची तपासणी सगळ्यांसमोर करून घ्या. एकाच मॉडेलची यंत्रे बहुधा एकसारखीच बोलतात, त्यामुळे एका घरात कळलेले दहा घरांना उपयोगी पडेल. कोणते मॉडेल नेटशिवाय चालते आणि कोणते नाही, ते कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. नवा रोबो घ्यायला निघालेल्याने तो कागद वाचावा आणि दुकानदाराला किमतीच्या आधी विचारावे: हा इंटरनेटशिवाय चालतो का, आणि कंपनी बंद पडली तर याचे काय होईल? नीट उत्तर मिळाले नाही, तर तो रोबो घेऊ नका.