वहीची मागची बाजू



माझं माहेर पेण आणि सासर रोहा. रेल्वेनं गेलं तर मधे तीनच स्टेशनं लागतात: कासू, नागोठणे आणि निडी. पाठवणीच्या वेळी माझी खाला डोळे पुसत म्हणाली होती, "पेणची मुलगी आहेस गो, पेन काही सोडू नकोस." सगळे रडता रडता हसले. मी मात्र ते मनावर घेतलं. पेन सोबत आणलं, पण नव्या घरात कागद कुणाकडे मागायचा? ती सोय दूधवाल्यामुळे झाली.

आमच्या घरात दुधाच्या हिशेबाची एक वही असते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवलेली. पुढच्या बाजूला दूध, गॅस, किराणा आणि उसनवारी. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी ती पालथी घातली आणि शेवटच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. पालथी घातली की वही उजवीकडून उघडते, उर्दू किताबासारखी. मजकूर मात्र मराठी, डावीकडून उजवीकडे. वही एका दिशेनं, मी दुसऱ्या. असा आमचा संसार सुरू झाला.

काय लिहायचे? जे घरोघरी घडतं तेच.

"आज यांनी चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवला. चष्मा कपाळावर होता. मला पहिल्या मिनिटालाच दिसला होता."

"पाहुणे आले. 'फक्त पाणी द्या' म्हणाले. पाण्यानंतर चहा, चहानंतर घावन, घावनानंतर मग्रिबची अजान. मग्रिबनंतर 'आता जेवूनच जा' म्हणावंच लागलं. गॅस तेव्हाच संपला. पाहुण्यांची चाहूल गॅसला आमच्या आधी लागते."

"कोळणीशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि जिंकले. घरी आल्यावर कळलं, पिशवी तिच्याच पाटीजवळ राहिली. रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस रुपये."

माझ्या या उद्योगाला घरात एकच पाठीराखा होता, माझे सासरे. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. खिडकीत खुर्ची टाकून बसायचे आणि मला लिहिताना पाहिलं की म्हणायचे, "हेही लिही, आज बोंबील खारट." लिहून झालं की वाचून घ्यायचे आणि स्वतःच्याच तक्रारीवर खुदकन हसायचे.

बाकीच्यांचा विरोध होता. हे म्हणायचे, "डायरी हा साहेबलोकांचा शौक." मी सांगितलं, अकराव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-बन्ना नावाचे एक आलिम होऊन गेले. त्यांच्या रोजनिशीची इ.स. १०६८-६९ या काळातली पानं आजही आहेत. शहरातल्या घडामोडी, कुणाचं निधन, कुणाला पडलेलं स्वप्न, असं सगळं त्यांनी टिपलंय. हे म्हणाले, "त्यांच्या घरी दुधाची वेगळी वही असणार."

सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. त्यांचा मुद्दा जास्त वजनदार होता. "दोन खांद्यांवर दोन फरिश्ते रात्रंदिवस लिहितायत. तिसरी तू कशाला?" मी म्हटलं, "अम्मा, त्यांचं लिहिलेलं हशरच्या दिवशी समोर येणार. दूधवाला तर एक तारखेलाच येतो."

हिशेबाच्या बाजूवर कुणाचाच आक्षेप नव्हता. कुराणातली सर्वांत मोठी आयत सूरह बकराची २८२ वी, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल. शिवाय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं नाव आमच्या रोह्याशी जोडलेलं. अशा गावात राहून माझ्या महिन्याच्या बेरजेत सतरा रुपये कुठं जातात, ते मात्र आजवर सापडलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

माझी मोठी नणंद, बाजी, पेणला दिलेली. म्हणजे माझं माहेर तिचं सासर आणि तिचं माहेर माझं सासर. अब्बांचं २०१६ साली निधन झालं, तरी बाजींची शनिवारची फेरी चुकली नाही. २०१९ च्या जानेवारीत, पोपटीच्या दिवसांत, त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. परसात मडकं लागलं होतं, वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला होता. इतक्यात दूधवाला पैशांसाठी आला. माझे हात गुंतलेले. बाजींचा नातू चौथीत, मराठी शाळेत, वाचनात पहिला. मी म्हटलं, "बाळा, वही घे आणि मोठ्यानं वाच."

त्यानं वही घेतली. पालथी. आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"आज बाजी आल्या. मी काही खाणार नाही, असं म्हणाल्या. तीनदा वाढून घेतलं आणि वर म्हणाल्या, मीठ कमी आहे. मीठ बरोबर असतं तर कढईसुद्धा खाल्ली असती."

मग तो थांबला आणि त्यानं निरागसपणे विचारलं, "दादी, कढई कशी खातात?"

पहिला हसला तो दूधवाला. त्याच्याशिवाय कुणीच हसलं नाही. बाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "निघते मी, अंधार पडेल," म्हणाल्या. मडकं अजून उघडलंही नव्हतं.

त्यानंतर शनिवार बंद झाले. त्या वर्षी ईदलाही त्या आल्या नाहीत. फोन यायचा, पण मी उचलला की दोनच शब्द: "अम्माला दे."

मी स्वतःची समजूत घालत होते. मी कुठं कुणापुढं बोलले? वहीला काय कान असतात? आणि लिहिलं ते खोटं थोडंच होतं? पण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की खोटं असेल तर तो बोहतान. खरं असूनही ज्याच्या त्याला वाईट वाटेल, तीच तर गीबत. सूरह हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा आहे. बाजींनी तीनदा भात खाल्ला असेल. मी काय खाल्लं, याचा विचार केला आणि घास उतरेना.

पेणला माझ्या मैत्रिणीच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. शाळेतून येताना आम्ही तिथं रेंगाळायचो. सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळ्यांची आखणी. ते काम घरातला सर्वांत अनुभवी माणूस करायचा, आणि तेव्हा आम्हा पोरांना बोलायची बंदी. एक रेघ इकडची तिकडे झाली की सगळा चेहराच बदलतो. मी बाजींचा चेहरा तीन ओळींत काढला होता. त्याच दिवशी त्यांनी येताना पेणचे पापड आणले होते, दुपारभर अम्मांचे पाय चेपले होते आणि जाताना माझ्या मुलीच्या हातात पन्नास रुपये ठेवले होते. त्यातलं एकही अक्षर मी लिहिलं नव्हतं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. विनोद करणाऱ्याची नजर अशीच असते. ती कढईवर थांबते.

मी मागची बाजू बंद केली. पुढं दूध चालू राहिलं.

३ जून २०२०. रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते, टाळेबंदी होती आणि 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या रायगडावर येऊन आदळलं. आम्ही मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो. स्वयंपाकघराचा पत्रा उडाला तेव्हा असा आवाज झाला की यांनी मोठ्यानं कलमा पढला. वारा पडल्यावर दार उघडलं, तर तांदळाचा डबा आडवा, तांदळाची खीर झालेली आणि नव्या-जुन्या सगळ्या वह्या पाण्यात.

मी आधी तांदूळ गोळा करू लागले. अम्मा वह्यांकडे गेल्या. त्यांना मराठी वाचता येत नाही. उर्दू आणि अरबी येतं. पण त्यांनी एकेक पान सोडवलं, मधे जुनी वर्तमानपत्रं घातली आणि वह्या शेगडीच्या उबेला मांडल्या. मी म्हटलं, "अम्मा, राहू द्या, दुधाचेच तर हिशेब."

"दूध पुढं," त्या म्हणाल्या. "मागं तुझे अब्बा आहेत. ते सांगायचे, तू लिहायचीस. मी बघायचे ना."

बाबर बादशहांवरही अशीच वेळ आली होती. १५२९ साली पूर्वेकडच्या मोहिमेवर असताना, रात्री तरावीहनंतर लिहीत बसलेले असताना वादळ आलं आणि तंबू थेट त्यांच्या अंगावर कोसळला. भिजलेली पानं गोळा करून, लोकरी कापडात गुंडाळून ती वाचवली आणि पहाटेपर्यंत शेकोटीवर वाळवत बसले. हा प्रसंग त्यांनीच 'बाबरनामा'त लिहून ठेवलाय. त्यांची लेक गुलबदन बेगम हिनं 'हुमायूननामा' लिहिला. त्यात लढायांइतकंच घरातल्या बायकांचं येणंजाणं आहे, लग्नं आणि रुसवे आहेत. त्याचं जे हस्तलिखित हाती आहे, ते मधेच तुटतं. पुढची पानं नाहीत. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मला वाटलं, तिच्या घरी त्या पानांसाठी आमच्या अम्मांसारखं कुणी नसावं.

वीज नव्हती, फोन बंद होते. चौथ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. मुलाच्या मागं बाजी बसलेल्या. मांडीवर गुंडाळलेली ताडपत्री, पिशवीत मेणबत्त्या आणि पोहे. रस्त्यावर पडलेली झाडं चुकवत पेणहून आल्या होत्या. दीड वर्षानं माझ्याशी बोलल्या, ते असं: "पत्रा गेला म्हणे. हे धर एका बाजूनं."

ताडपत्री बांधून झाली. रात्री अम्मा म्हणाल्या, "अब्बांचं वाच."

शाई फुटली होती, पण अक्षर लागत होतं. मी वाचलं: "अब्बा म्हणाले, या वर्षीचे आंबे आंबट, परत पाठवा. मग चार खाल्ले." सगळे हसले. पान उलटलं: "आज शनिवार. अब्बा सकाळपासून खिडकीत. पेणची गाडी आली का, असं तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, बाजींची वाट बघताय? म्हणाले, छे, मी घड्याळ लावतोय."

बाजींनी ओढणीचा पदर तोंडाला लावला. कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "असं किती शनिवार लिहिलंयस?"

मोजले. एकोणीस होते.

मग त्यांनीच विचारलं, "ते माझं पान कुठाय? कढईचं?" मी शोधून दिलं. म्हटलं, "बाजी, माफ करा. फाडून टाकते." त्यांनी माझा हात धरला. "फाडू नकोस. दुरुस्त कर. तीनदा नाही, दोनदाच घेतलं होतं."

दुरुस्ती केली. तेव्हापासून वहीची मागची बाजू पुन्हा चालू आहे, पण दोन नियमांवर. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्यासमोर मोठ्यानं वाचता येईल एवढंच लिहायचं. आणि ज्या दिवशी दुसऱ्यावर हसायचं, त्या दिवशी आधी स्वतःचा एक वेंधळेपणा नोंदवायचा. दुसऱ्या नियमाला साहित्य कधी कमी पडत नाही.

वाचून दाखवण्याची एक अडचण मात्र झाली. अम्मांना संशय आला की मी वाचताना काही ओळी गाळते. म्हणाल्या, "मला तुझी अक्षरं शिकव." मी म्हटलं, "या वयात?" तर यांनी आईची बाजू घेतली: पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले, त्यांचं 'कुराण-सार' प्रसिद्ध झालं, मग रोह्याच्या अम्मांनी सुनेची वही मुळातून वाचायला मराठी का शिकू नये?

शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस अम्मांचा क उजवीकडून निघायचा आणि ख त्याच्या डावीकडे जाऊन बसायचा. हळूहळू दिशा लागली. मागच्या महिन्यात मी दुपारी डोळा लागून उठले, तर वही पालथी उघडी होती. मागच्या बाजूला, माझ्या अक्षराखाली, मोठ्या थरथरत्या अक्षरांत अम्मांचं पहिलं वाक्य होतं.

"भाकरी जाड."