काम संपले, तरी वास्तू संपत नाही



आपल्या शाळेचे जुने सभागृह पाडावे, असे काही पालकांचे मत आहे. त्यांना मी कॅनडातील टोरांटो शहराची एक गोष्ट सांगू इच्छितो.

तेथे बर्फावरील हॉकीसाठी 'मेपल लीफ गार्डन्स' ही बंदिस्त वास्तू १९३१ साली बांधली गेली. तो काळ जागतिक मंदीचा. संघाचे चालक कॉन स्माइथ यांना पैसा कमी पडला. तेव्हा त्यांचे सहकारी फ्रँक सेल्की यांनी कामगार संघटनांना राजी केले आणि कामगारांनी मजुरीचा पाचवा हिस्सा शेअर्सच्या रूपात घेतला. १ जूनला सुरू झालेल्या कामानंतर १२ नोव्हेंबरला तेथे पहिला सामना झालासुद्धा!

१९९९ मध्ये संघ नव्या वास्तूत गेला. जुनी वास्तू बरीच वर्षे रिकामी राहिली, पण पाडली गेली नाही. २०११ मध्ये तिच्या खालच्या भागात किराणा-भाजीचे मोठे दुकान उघडले. २०१२ मध्ये वर, त्याच जुन्या घुमटाखाली, विद्यापीठाचे बर्फाचे मैदान सुरू झाले.

आपल्या सभागृहाचे छप्पर गळते, दुरुस्तीला खर्च येईल, हे मला मान्य आहे. पण तेही मागच्या पिढीच्या वर्गणीतून आणि श्रमांतून उभे राहिले आहे. पाडण्याआधी एक वर्ष तेथे सायंकालीन वाचनालय चालवून पाहू या. वास्तू जुनी झाली की तिला आधी नवे काम द्यावे. हातोड्याचा विचार नंतर.

– मुख्याध्यापक