साठीनंतर कोणती सायकल?

निवृत्तीनंतर पुन्हा सायकलकडे वळणारे लोक पुण्यासारख्या शहरात आता सर्रास दिसतात. सायकलवरच कॉलेज केलेले आणि नंतर तीस-पस्तीस वर्षे स्कूटर नाहीतर मोटार चालवलेले हे लोक. गुडघ्यांमुळे चालणे कमी झालेले असते, अंग हलते राहावे अशी इच्छा असते, आणि सायकल आपल्याला येते याची खात्री असते. दुकानात पाऊल टाकल्यावर मात्र गोंधळ उडतो. हायब्रीड, एमटीबी, लेडीज, ई-सायकल; प्रत्येकीचा कैवार घेणारा कोणीतरी भेटतो आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असते. या वयात चुकीची सायकल घेतली तर ती बहुधा जिन्याखाली धूळ खात पडते, आणि दैव फिरलेच तर खुब्याचे हाड मोडते. म्हणून हा विषय नीट तोलून पाहायला हवा.

आधी रस्ता पाहू, कारण आपल्याकडे एकाच फेरीत चार तऱ्हेचे रस्ते लागतात. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, बाहेर डांबर, मध्येच खोदून अर्धवट बुजवलेला चर, मग खडकवासल्याच्या बाजूला किंवा एखाद्या कालव्याच्या काठाने मुरूम आणि सुटी खडी. वाटेत एखादा चढ असतो आणि गतिरोधक तर पावलोपावली. नेदरलँड्समध्ये ताठ बसायची, जड, आरामशीर सायकल पिढ्यान् पिढ्या चालते ती सपाट प्रदेशात आणि स्वतंत्र, गुळगुळीत सायकलमार्गांवर. तिचा आराम खरा आहे. तो कात्रजच्या चढावर जसाच्या तसा मिळेल असे मात्र समजू नये.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीची बाजू आधी मांडायला हवी, कारण ती केवळ आठवणींच्या जोरावर उभी नाही. टीआय सायकल्स १९४९ पासून मद्रासमध्ये, अ‍ॅटलस १९५१ पासून सोनीपतमध्ये आणि हीरो १९५६ पासून लुधियानात ज्या सायकली बनवू लागल्या, त्या खराब रस्ता आणि भरपूर ओझे गृहीत धरूनच. २८ इंची चाक छोट्या खड्ड्यावरून सहज जाते. पुढचा फोर्क बराच कललेला असतो आणि दोन चाकांतले अंतर जास्त असते, म्हणून सायकल संथ, सरळ चालते. सीटखाली स्प्रिंगा असतात, हँडल उंच असते, पाठ ताठ राहते. चेनला कव्हर, चाकांना पुरते मडगार्ड, मागे भक्कम कॅरियर आणि दोन पायांचा स्टँड. तालुक्याच्या कोणत्याही दुकानात तिची ट्यूब मिळते आणि कोणताही कारागीर ती खोलून जोडतो. आज महागड्या सायकलींना जे वेगळे पैसे देऊन बसवावे लागते, त्यातले निम्मे तिच्यावर मुळातच असते.

मात्र तिच्या उणिवाही नेमक्या म्हातारपणी नडणाऱ्या आहेत. वजन वीस किलोच्या आसपास. गिअर एकच; पुढे ४४ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरांहून जास्त पुढे जाते. सपाटीवर हे छान, पण चढावर तेवढा सगळा भार गुडघ्यावर येतो. दांड्यांचे ब्रेक पोलादी रिमवर लागतात, आणि पावसात ओल्या पोलादावर ब्रेकचे रबर नीट पकड घेत नाही. जून ते सप्टेंबर सायकल बाहेर काढणारच नाही, असे ठरवले तरच ही उणीव सोडून देता येईल.

दुसऱ्या टोकाला एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की खराब रस्त्याला खराब रस्त्याचीच सायकल हवी. रुंद, नक्षीदार टायर मुरमावर घसरत नाहीत, डिस्क ब्रेक चिखलातही काम करतात, हलके गिअर असल्याने चढ बसूनच पार होतो आणि पुढचे सस्पेन्शन मनगटांना वाचवते. ज्यांची फेरी खरोखर मातीच्या वाटेवर असते त्यांच्यासाठी हे सगळे रास्त आहे.

उलट बाजू अशी की आपण दुकानात जी सस्पेन्शनची सायकल पाहतो ती बहुधा स्वस्तातली असते. तिचे सस्पेन्शन म्हणजे एक जड स्प्रिंग. दोन-एक किलो वजन वाढते, चढावर पायातली ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, आणि पावसाळ्याचे चिखलपाणी आत शिरले की दोन वर्षांत ती गंजून आखडते. शिवाय नक्षीदार टायर डांबरावर सतत घूं घूं करत ओढ देतात. ज्याच्या फेरीचा तीन चतुर्थांश भाग डांबरी आहे, त्याने उरलेल्या एका भागासाठी एवढी किंमत मोजावी का, हा प्रश्न उरतोच. धक्के कमी करण्याचा अधिक सोपा उपाय टायरमधल्या हवेत आहे. आपल्याकडे पंक्चरवाला कॉम्प्रेसरने हवा भरतो, अंगठ्याने दाबतो आणि टायर दगडासारखा टणक झाला की समाधानाने मान हलवतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाला चाळीस-पंचेचाळीस पीएसआय पुरते. तेवढ्यावर पेव्हर ब्लॉकची थरथर निम्मी तरी ओसरल्यासारखी वाटते.

आता ताठ बसण्याविषयी. ताठ बसणे म्हणजे आराम, हे आपण धरूनच चालतो. मानेचा त्रास असलेल्यांना, हाताला मुंग्या येणाऱ्यांना ते खरोखर मानवते. मान वळवून मागची वाहने पाहणे सोपे जाते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर फायदा आणखी मोठा: वाकून बसणाऱ्याला रस्ता चष्म्याच्या वरच्या कडेतून, कधी कडेवरूनच, पाहावा लागतो, ताठ बसणाऱ्याला तो भिंगाच्या योग्य भागातून दिसतो. रहदारीत नजर चुकणे परवडत नाही, तेव्हा हा मुद्दा मला छोटा वाटत नाही.

दुसरीकडे, पाठ अगदी काटकोनात असेल तर शरीराचा जवळजवळ सगळा भार सीटवर येतो आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट मणक्यातून वर चढतो. थोडे पुढे झुकले की भार हात, पाय आणि सीट यांत वाटला जातो, चढावर मांड्यांच्या मागचे स्नायू कामाला लागतात, समोरच्या वाऱ्यालाही अंग कमी मिळते. कंबरेच्या मणक्यांचा विकार असलेल्या काहींना तर ताठ बसण्यापेक्षा किंचित झुकणेच सोसते. म्हणून मधला मार्ग बरा वाटतो: हँडलची मूठ सीटच्या पातळीत किंवा चार-सहा सेंटिमीटर वर, कोपर सैल, पाठ जरा कललेली. तरीही ज्याची मान आखडलेली आहे त्याने हँडल आणखी वर घ्यावे, आणि मग स्प्रिंगांची रुंद सीट घ्यावी.

पण माझ्या मते टायर, सस्पेन्शन आणि हँडल या सगळ्यांपेक्षा वजनदार मुद्दा वेगळाच आहे: सायकलवर बसणे आणि उतरणे. भाजी घेऊन परतणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाकडे नीट पाहा. कॅरियरला पिशवी बांधलेली आहे. फाटकाशी गतिरोधक, समोरून अचानक स्कूटर, म्हणून ते थांबतात. सीट उंच असल्याने डावा पाय टेकायला सायकल डावीकडे कलवावी लागते. उजवा पाय मागून फिरवायला गेले तर तो पिशवीला अडकतो. पुढून दांड्यावरून काढायचा तर गुडघा जवळजवळ छातीपर्यंत उचलावा लागतो. त्या दोन-तीन क्षणांत त्यांचे सगळे वजन एका पायावर असते आणि हातात कललेली, पाच किलो भाजीने मागे जड झालेली सायकल. ते वेगात नसतात, रहदारीतही नसतात, तरी पडतात ते इथे. वयस्कर सायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या डच संशोधकांनीही चढता-उतरताना पडण्याच्या या धोक्यावर वारंवार बोट ठेवले आहे. सायकल चालवण्याने हृदय आणि स्नायूंना फायदा होतो, हाडांची घनता मात्र त्याने फारशी वाढत नाही. तेव्हा पडण्याचा धोका हिशेबात आधी धरावा लागतो.

यावर बरेच जण सीट खाली करतात, म्हणजे बसल्या जागी दोन्ही पाय टेकतात. भीती जाते हे खरे. मात्र त्याची किंमत गुडघा मोजतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला हवा; सीट फार खाली असली की तो प्रत्येक फेऱ्यात खूप वाकतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. एकीकडे तोल, दुसरीकडे गुडघा, अशी ही ओढाताण आहे. मधला दांडा नसलेल्या किंवा खूप खाली असलेल्या सायकलीत ती बरीचशी सुटते. सीट गुडघ्याला मानवेल अशा उंचीवर ठेवता येते, आणि थांबताना सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकता येतात. पाय कुठूनही फिरवावा लागत नाही.

अशा सायकलीवरचे आक्षेप हलके नाहीत. दांडा हा सांगाड्याचा कणा असतो. तो काढला की नळ्या जाड कराव्या लागतात, वजन थोडे वाढते, आणि मागे जड ओझे असले की उतारावर सायकल वळवळल्यासारखी वाटू शकते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेताना दांडा खांद्यावर घेण्याची सोय नसते. पुरुषांसाठी मापे आणि प्रकार कमी मिळतात. दुकानदार 'काका, ही लेडीज आहे' असे सांगून बाजूला ठेवतो, आणि बरेच काका तेवढ्यावर माघार घेतात. या संकोचाला मी कमी लेखत नाही. आयुष्यभर टांग टाकून सायकलवर बसलेल्या माणसाला ते सोडणे म्हणजे काहीतरी हातचे जाणे वाटते. ज्यांचा तोल आजही पक्का आहे, जे रोज मातीच्या वाटेवर जातात, त्यांनी तिरप्या, खाली उतरत्या दांड्याची सायकल घेतली तर त्यात वावगे काही नाही.

पण सगळ्या बाजू तोलल्या तर माझा कल खुल्या सांगाड्याच्या, म्हणजे मधला दांडा नसलेल्या, हायब्रीडकडे आहे; हायब्रीड म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी मधली सायकल. ४० ते ४५ मिलिमीटरचे, फार नक्षी नसलेले टायर, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा, साधे व्ही-ब्रेक किंवा जवळपास दुरुस्तीची सोय असेल तर डिस्क, सस्पेन्शन नको. गिअर एकवीस असोत की आठ, महत्त्व सर्वांत हलक्या गिअरला आहे: पुढे २८ दाते आणि मागे ३४ असे जमले तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरांहूनही कमी सरकते, आणि चढावर गुडघ्यावर जोर न देता पाय फिरत राहतात. मडगार्ड आणि कॅरियर बसवायला सांगाड्यावर भोके आहेत का, हे खरेदीआधी पाहावे. दुकानासमोर एक चक्कर मारून निर्णय घेऊ नये. अर्धा तास मागून घ्यावा, खराब रस्त्यावर जावे आणि मुद्दाम आठ-दहा वेळा थांबून उतरावे.

हायब्रीड काळ्या सायकलीपेक्षा बरीच महाग पडते. ज्याच्या गावात चढ नाही, दुकानात फक्त २८ इंची ट्यूब मिळते आणि घरी जुनी सायकल सुस्थितीत आहे, त्याने नवी घेण्याची घाई करू नये. फ्रीव्हील १८ ऐवजी २२ दात्यांचे केले तरी चढ बराच हलका होतो. हल्ली मिळणाऱ्या, खाली दांडा असलेल्या काळ्या सायकलींचाही विचार करावा.

ई-सायकलचा प्रश्न उरतो. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलीला आपल्याकडे परवाना लागत नाही. हृदयाचा त्रास असलेल्याला किंवा टेकडीवर राहणाऱ्याला ती खरा आधार देते. नवरा-बायको एकत्र निघाले आणि एकाची दमछाक होत असेल तर दोघांचा वेगही जुळतो. मात्र ती पंचवीस किलोच्या घरात जाते, बॅटरी संपली की चढावर ती ओढणे कठीण, आणि सवय होण्याआधीच वेग हाताबाहेर जाऊ शकतो. चालवता येणारा चढ हलक्या गिअरने पार होत असेल तोवर थांबावे. तो होईनासा झाला की ई-सायकल घ्यावी, तीही खुल्या सांगाड्याचीच, आणि पहिला महिना मोटर सर्वांत कमी जोरावर ठेवून.